दर अधिवेशनात बदलणारे महापालिकांचे कायदे: शहराला कोणी विचारतं का?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. छत्रपती संभाजीनगरच्या मतदाराने त्याआधी नगरसेवक निवडला होता तो २०१५ साली. तिथली मुदत एप्रिल २०२० मध्येच संपली होती. नवी मुंबई, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर यांची मुदतही त्याच वर्षी संपली. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर आणि आमच्या नाशिकची मार्च २०२२ मध्ये. मग प्रशासक आले. महासभेचे अधिकार त्यांच्याकडे आणि स्थायी समितीचेही. मुंबईचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं, आणि त्यावर बोलायला सभागृहात निवडून आलेला एकही माणूस नव्हता.

घटनेच्या अनुच्छेद २४३-यू मध्ये स्पष्ट लिहिलंय की मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. एवढा उशीर का झाला असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, "कोर्टात अडकलं होतं." ओबीसी आरक्षणाचा प्रश्न खरा होता आणि तो सुटायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कोर्टात गेलेल्या वादांपैकी निम्मेअधिक वाद विधानभवनात जन्माला आले आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही. म्हणून हा धागा.

नुसती प्रभागपद्धती घ्या. २००२ ची निवडणूक तीन सदस्यांच्या प्रभागाने झाली, २००७ ची एकाच्या, २०१२ ची दोनाच्या, २०१७ ची चाराच्या. डिसेंबर २०१९ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात नव्या सरकारने पुन्हा एकसदस्यीय पद्धत आणली. २०२१ मध्ये त्याच सरकारने ती तीन सदस्यांची केली. ऑगस्ट २०२२ मध्ये पुढच्या सरकारने ती परत चारावर नेली. तीन वर्षांच्या आत तीन पद्धती, आणि त्यातल्या पहिल्या दोन पद्धतींवर महापालिकेची एकही सार्वत्रिक निवडणूक झाली नाही! मुंबई एकसदस्यीयच राहिली, पण तिथे जागांची संख्या २२७ वरून २३६ झाली आणि मग पुन्हा २२७. नगरपालिकांत थेट नगराध्यक्ष २०१६ मध्ये आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परत आला.

माझा आक्षेप एका पक्षावर नाही. ७ मार्च २०२२ चा दिवस आठवा. मुंबई महापालिकेची मुदत नेमकी त्याच दिवशी संपत होती. प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेणारी विधेयकं त्या दिवशी दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाली. सत्ताधारी आणि विरोधक दोघांनीही पाठिंबा दिला. ज्या महापालिकांबद्दल हा कायदा होता त्यांच्यापैकी एकीचंही मत कोणी मागवलं नाही.

शहरांचे कायदे विधिमंडळाने करूच नयेत असं मी म्हणत नाही. तो अधिकार घटनेनेच दिलाय. माझी मागणी दोन गोष्टींची आहे. महापालिका कायद्यातली कोणतीही मोठी दुरुस्ती मंजूर होण्याआधी महापालिकांचं आणि नागरिकांचं म्हणणं ऐकलं जावं, त्यासाठी विधेयक संयुक्त समितीकडे जावं. आणि मुदत संपायला एक वर्ष उरलं की निवडणुकीची पद्धत, सदस्यसंख्या, हद्द यांना हात लावायचा नाही.

आता महापालिका पुन्हा भरल्या आहेत. हे बोलायची हीच वेळ आहे असं मला वाटतं. तुमच्या शहराचा अनुभव सांगा.

---

टिपणी_शाखा

धागा आवडला. एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. "पद्धत बदलली" या दोन शब्दांत खाली किती काम उलथतं ते सांगतो, कारण हे बातमीत येत नाही.

प्रभागाचा पाया असतो जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे एका प्रगणकाने मोजलेल्या घरांचा गट. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आधार २०११ चाच. प्रत्येक गटाची लोकसंख्या आणि त्यातली अनुसूचित जाती-जमातींची संख्या घ्यायची आणि गट जोडत जायचे. सुरुवात शहराच्या उत्तरेकडून, मग ईशान्य, पूर्व असं सरकत दक्षिणेला शेवट. प्रगणक गट शक्यतो फोडायचा नाही. हद्द म्हणून मोठा रस्ता, नाला, नदी, रेल्वेमार्ग धरायचा. हे सगळं गुप्त ठेवायचं. नकाशावर रेघ कुठून गेली हे फुटलं की दुसऱ्या दिवशी दारात माणसं उभी. मग प्रारूप प्रसिद्ध करायचं, हरकती-सूचना घ्यायच्या, सुनावणी, अंतिम रचना, त्यानंतर आरक्षणाची सोडत. सोडतीत शाळकरी मुलं चिठ्ठ्या काढतात, ते तुम्ही फोटोत पाहिलं असेल. त्यामागे काही महिन्यांचं काम असतं.

आता एकाचे प्रभाग तिनाचे झाले की यातली एकही रेघ कामाची राहत नाही. तिनाचे चार झाले की पुन्हा तेच. मतदार यादी प्रभागनिहाय फोडायची तीही नव्याने. हे करणारे लोक वेगळे नसतात. पाणीपट्टी, अतिक्रमण, बांधकाम परवानगी पाहणारेच अभियंते आणि कारकून त्या कामाला लावले जातात. नागरिकांच्या हरकतींचे गठ्ठे तर फाइलला तसेच राहतात, कारण ज्या रचनेवर हरकत होती ती रचनाच रद्द झालेली असते. लोकांनी घरचा नकाशा काढून, गल्लीची नावं लिहून दिलेल्या हरकती मी वाचल्यात. त्यांना उत्तर देण्याची वेळ आलीच नाही, याचं आजही वाईट वाटतं.

दुसरा मुद्दा धाग्यात नाही, तो जोडतो. विधिमंडळ कायदा बदलतं तेव्हा निदान बातमी तरी होते. महापालिका अधिनियमाचं कलम ४५१ मात्र शांतपणे चालतं. महासभेचा ठराव शासनाला पटला नाही तर तो आधी निलंबित होतो, महापालिकेला महिनाभरात अभिवेदन करता येतं, म्हणजे आपलं म्हणणं मांडता येतं, आणि मग तो विखंडित म्हणजे रद्द होतो. सभागृह असतं तेव्हा निदान महापौर, गटनेते मंत्रालयात जाऊन भांडतात. प्रशासकाच्या काळात ठराव करणारा शासनाचा अधिकारी आणि त्यावर अभिवेदन करायचं झालं तर तेही त्यानेच करायचं. त्या काळात ४५१ वर वाद झालाय असं क्वचितच दिसेल.

---

कृष्णाकाठची

वाचनखूण साठवली. काका, तुमचा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका ना.

---

मुळामुठा

पुण्याचं उदाहरण देते, टिपणी_शाखा यांच्या ४५१ ला धरूनच.

स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत, ही पुणे महापालिकेची १९७० पासूनची पद्धत. शहरानेच ठरवलेली, आणि पन्नास वर्षं लोकांच्या अंगवळणी पडलेली. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, शासनाने ठराव विखंडित केला आणि २०१९ पासून सवलत गेली. नव्याने आकारणी झालेल्या घरांना पूर्ण दराने बिलं आली. आधीच्यांकडून फरक वसूल होणार अशी टांगती तलवार राहिली ती वेगळीच. मग आंदोलनं, निवेदनं, अधिवेशनात लक्षवेधी, आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत परत दिली. ती मिळवण्यासाठी लोकांना पीटी-३ नावाचा अर्ज भरावा लागला: घरात स्वतः राहतो याचा पुरावा, सोसायटीचं पत्र, शहरात दुसरं घर असेल तर त्याचं बिल.

सवलत बरोबर की चूक हा वेगळा विषय. माझ्या इमारतीतल्या म्हाताऱ्या माणसांना अर्ज भरायला मी मदत करत होते तेव्हा त्यांचा एकच प्रश्न होता, "आपल्या महापालिकेने दिलेली सवलत मुंबईहून काढता येते?" येते. आणि मुंबईहूनच परत देता येते. म्हणजे करही शहराचा, खड्डाही शहराच्या तिजोरीला, निर्णय मात्र दुसरीकडे. खुद्द मुंबईतही ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०१९ मध्ये सर्वसाधारण कर आणि २०२२ मध्ये संपूर्ण मालमत्ता कर माफ झाला, तेही राज्याच्याच निर्णयाने. दोन्ही वेळा निवडणूक तोंडावर होती, २०१९ मध्ये लोकसभेची आणि २०२२ मध्ये महापालिकेची.

हद्दीचंही तसंच. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं पुण्यात आली, जून २०२१ मध्ये आणखी २३. मग फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करायची असं २०२२ च्या डिसेंबरात ठरलं आणि शेवटची अधिसूचना निघाली २०२४ मध्ये. मधल्या काळात तिथल्या माणसाने पाण्याच्या टँकरसाठी कोणाच्या दारात जायचं?

---

दुसरीबाजू

गोदाकाठ, कळकळ पोचली, पण धाग्यात एकच बाजू येते आहे असं वाटतं म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे जकात. मुलुंड-दहिसरच्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना विचारा. जकात म्हणजे महापालिकेची 'स्वायत्तता' होती म्हणे. व्यापाऱ्यासाठी ती अडवणूक होती. कोणत्याही महापालिकेने ती स्वतःहून सोडली नसती. आधी एलबीटी (स्थानिक संस्था कर), मग जीएसटी, हे बदल वरूनच व्हावे लागले. आणि ते करताना राज्याने शहरांना वाऱ्यावर सोडलं नाही. मे २०१७ च्या विशेष अधिवेशनात नुकसानभरपाईचा स्वतंत्र कायदा झाला, २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरून दरवर्षी चक्रवाढीने ८ टक्के वाढ कायद्यातच लिहिली. मुंबईला पहिला धनादेश मिळाला तो ६४७ कोटींचा, जुलै २०१७ मध्ये. हे चांगलं कायदेकाम नव्हे का?

दुसरं, चार सदस्यांचा प्रभाग. त्याला नावं ठेवणं फार सोपं आहे. एकसदस्यीय पद्धतीत वॉर्ड महिलेसाठी किंवा मागास प्रवर्गासाठी राखीव झाला की पाच वर्षं काम केलेला नगरसेवक घरी बसतो, किंवा बायकोला उभं करतो. चाराच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा असतात. त्यात दोन महिला, एखादी राखीव, एखादी खुली अशी वाटणी होते आणि काम करणाऱ्याला आपल्याच भागात जागा मिळू शकते. ५० टक्के महिला आरक्षण असलेल्या राज्यात हा मुद्दा छोटा नाही. शिवाय एका गल्लीपुरता विचार करणारा नगरसेवक मोठ्या नाल्याचं, मोठ्या रस्त्याचं काम कधीच हातात घेत नाही.

तिसरं, महापालिकांच्या हाती सगळं दिलं असतं तर त्यांनी काय केलं असतं? २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली, प्रभागाच्या खाली मतदारांची सभा. राज्याने दिलेला अधिकार होता. तुमच्यापैकी किती जणांनी अशी सभा पाहिली आहे? किती नगरसेवकांनी ती मागितली?

---

गोदाकाठ

दुसरीबाजू, जकातीचं उदाहरण तुम्ही आणलंत ते बरं झालं, कारण तो कायदा मला माझ्याच मागणीचा पुरावा वाटतो. जीएसटीवर राज्यांनी केंद्राशी कित्येक वर्षं चर्चा केली, महापालिकांनी आपले आकडे दिले, मुंबईने हट्टाने हमी मागितली. म्हणून त्या कायद्यात पाया वर्ष आणि ८ टक्के आले. ज्याला तोटा होणार होता त्याला बोलू दिलं, तर कायदा बरा झाला. प्रभागपद्धतीच्या वेळी असं एकदाही झालेलं नाही.

चार सदस्यांच्या बाजूचा तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. मग तो २०१६ मध्ये किंवा २०२२ मध्ये सभागृहात सविस्तर मांडला जायला हवा होता. त्याला उत्तरही आहे. चाराचा प्रभाग तीस-चाळीस हजारांवर जातो. पक्षाशिवाय उभ्या राहणाऱ्या माणसाने तो पायी फिरायचा म्हटलं तरी शक्य नाही. आणि दिवा बंद पडला तर चौघांपैकी कोणाला फोन करायचा, हे आमच्या भागात २०१७ ते २०२२ कोणालाच नीट कळलं नाही. एकाने सांगायचं दुसऱ्याचं काम, दुसऱ्याने तिसऱ्याचं. पण मी कोणत्या पद्धतीच्या बाजूचा आहे हा प्रश्नच नाही. कोणतीही एक घ्या आणि निदान दोन निवडणुका ती टिकू द्या. पद्धत चांगली की वाईट हे कळायला तरी ती राबली पाहिजे.

क्षेत्रसभेबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तिथे नगरसेवकांना कोणी अडवलं नव्हतं.

---

मांडवी

गोव्याहून. आमच्याकडे २०२१ मध्ये जे झालं ते इथे नोंदवायला हवं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये पालिका प्रशासनाने प्रभागांचं आरक्षण जाहीर केलं. महिलांना एक तृतीयांश जागाही धड मिळाल्या नाहीत असे आक्षेप आले, लोक उच्च न्यायालयात गेले आणि १ मार्चला मडगाव, मुरगाव, म्हापसा, केपे, सांगे या पाच पालिकांचं आरक्षण रद्द झालं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. १२ मार्चच्या निकालात न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला आणि त्याहून मोठी गोष्ट सांगितली: राज्य निवडणूक आयुक्तपदावर सरकारी नोकरीत असलेला माणूस बसवता येणार नाही. आमच्याकडे राज्याच्या कायदा सचिवांकडेच त्या पदाचा अतिरिक्त कार्यभार होता!

गोवा एवढासा. पालिकेच्या प्रभागात हजार-दोन हजार मतदार. तिथे आरक्षणाची एक रेघ इकडची तिकडे झाली तर एका घराण्याची जागा जाते किंवा राहते. म्हणून सांगते, प्रभागरचना आयोगाकडे की सरकारकडे हा तांत्रिक प्रश्न नाही. ७ मार्च २०२२ ला तुमच्याकडे एकही आमदार विरोधात उभा राहिला नाही हे वाचून मला फार आश्चर्य वाटलं होतं.

---

ऑस्टिनकर

मूळची सांगलीची, गेली अनेक वर्षं टेक्सासमध्ये. इथे विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी १४० दिवस बसतं, आणि ते बसलं की शहरांच्या पोटात गोळा येतो. २०१४ मध्ये डेंटन शहराच्या लोकांनी मतदान करून हद्दीत फ्रॅकिंगला, म्हणजे जमिनीखालचा खडक फोडून तेल-वायू काढण्याला, बंदी घातली. पुढच्याच अधिवेशनात, २०१५ मध्ये, राज्याने असा नियम करण्याचा शहरांचा अधिकारच काढून घेतला. २०१९ मध्ये मालमत्ता कराची वाढ ३.५ टक्क्यांवर बांधली; त्यापुढे जायचं तर मतदारांची परवानगी. २०२३ मध्ये तर एकाच कायद्याने कामगार, शेती, वित्त, मालमत्ता अशा कितीतरी विषयांत राज्याच्या कायद्यापलीकडे जाणारे शहरांचे नियम रोखले. उन्हात काम करणाऱ्या बांधकाम मजुरांना पाणी प्यायला सुट्टी द्यायचा ऑस्टिन आणि डॅलसचा नियम त्याच्या कचाट्यात आला. ह्यूस्टन, सॅन अँटोनियो, एल पासो कोर्टात गेली. खालच्या कोर्टात जिंकली, २०२५ च्या जुलैमध्ये अपिलात हरली.

म्हणजे दुखणं तुमच्यासारखंच. एक फरक मात्र मोठा आहे. इथे विधेयक समितीपुढे येतं तेव्हा कोणीही नागरिक नाव नोंदवून समितीसमोर बोलू शकतो. महापौर येतात, अग्निशमन दलाचे लोक येतात, सामान्य माणसंही रात्री उशिरापर्यंत आपली पाळी येईतो बसतात. शहरांची एक संघटना आहे, ती प्रत्येक विधेयक वाचून कोणाला काय तोटा ते लिहून काढते. शेवटी मतदान पक्षानेच होतं, पण कोण काय बोललं याची नोंद राहते आणि पुढे कोर्टातही ती उपयोगी पडते. गोदाकाठ म्हणतात त्या संयुक्त समितीत निदान एवढं मिळालं तरी खूप.

---

सीमेवरचा

बेळगावहून. आमची महापालिका नोव्हेंबर २००५ मध्ये बरखास्त झाली. कारण सर्वांना माहीत आहे: महाराष्ट्रात विलीनीकरणाचा ठराव. सभागृहाने बहुमताने केलेल्या ठरावाला राज्य सरकारने बरखास्तीने उत्तर दिलं. त्यामुळे प्रशासक म्हणजे काय हे आम्हाला फार आधीच कळलं.

बेंगळुरूचंही बघा. तिथल्या महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. निवडणूक घेण्याऐवजी नवीन कायदा आला, मे २०२५ पासून तो लागू झाला, आणि सप्टेंबरपासून एकाच्या पाच महापालिका. वर एक प्राधिकरण, त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री. पाच महापौर आणि डोक्यावर मुख्यमंत्री!

---

कलम_खंड

कायद्याच्या अंगाने थोडं लिहितो, कारण धाग्यातून काही ठोस निघावं अशी इच्छा आहे.

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. बाराव्या अनुसूचीत नगररचनेपासून अग्निशमनापर्यंत १८ विषय आहेत. पण ते विषय महापालिकांना देण्याची मुभा विधिमंडळाला आहे, सक्ती नाही. मुदत, आरक्षण, निवडणूक आयोग, वित्त आयोग याबाबत घटना कडक आहे, अधिकारांबाबत सैल. त्यामुळे "हे घटनाविरोधी आहे" म्हणून कोर्टात गेलं तर दर वेळी यश येणार नाही. दबाव विधिमंडळावरच आणावा लागेल.

तो कुठे आणायचा? बहुतेकांना वाटतं सभागृहात चर्चा होते तेव्हा. तोवर उशीर झालेला असतो. २०२१ ची तीन सदस्यांची पद्धत आणि २०२२ ची चारची, दोन्ही आधी अध्यादेशाने आल्या. अनुच्छेद २१३ प्रमाणे अधिवेशन चालू नसताना अध्यादेश निघतो आणि सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा करावा लागतो. म्हणजे विधेयक येतं तेव्हा बदल आधीच लागू होऊन कामं सुरू झालेली असतात. आमदार म्हणतात, आता कशाला मोडता घालायचा. नागपूरचं अधिवेशन तर अलीकडे फार थोडे दिवस चालतं. एका दुपारी पाच-सहा विधेयकं. "खंड २, ३ विधेयकाचा भाग झाले" हे वाक्य इतक्या भराभर कानावर पडतं की कोणत्या कायद्याचे खंड होते तेच लक्षात राहत नाही.

कोणीही विधेयक वाचायला घेतलं तर शेवटून वाचावं. शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं. त्यात बदल का केला ते सरकारला लिहावंच लागतं. प्रभागाच्या विधेयकांची ही निवेदनं शेजारी ठेवून वाचा. एका वर्षी एकसदस्यीय पद्धत लोकांना जवळची असते, दुसऱ्या वर्षी बहुसदस्यीय पद्धतीने विकास समतोल होतो.

आणि एक गोष्ट कोणीच बोललेलं नाही. विधानपरिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघांच्या आहेत. नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य मतदान करतात आणि आमदार निवडतात. राज्याच्या कायदेमंडळात शहरांसाठी घटनेनेच ठेवलेली ही खुर्ची. महापालिकांत नगरसेवकच नव्हते, त्यामुळे मतदारच नव्हते, म्हणून मुदत संपलेल्या यातल्या बऱ्याच जागा रिकाम्या राहिल्या. शहरांचे कायदे सर्वांत वेगाने बदलले तेच हे दिवस.

---

कृष्णाकाठची

हा शेवटचा परिच्छेद वाचून सुन्न झाले. हे कधीच कोणत्या चर्चेत ऐकलं नव्हतं.

---

दुसरीबाजू

कलम_खंड, उत्तम प्रतिसाद. २२ जागांचा मुद्दा मलाही पटला. संयुक्त समितीला माझा विरोध नाही, पण प्रत्येक दुरुस्ती तिकडे पाठवली तर साधी कामंही अडकतील. २०२१ च्या झाडांच्या कायद्यातली दुरुस्ती घ्या. हेरिटेज वृक्षाची व्याख्या आली, ते चांगलं झालं. त्याच दुरुस्तीत २०० किंवा जास्त झाडं तोडायचे प्रस्ताव राज्याच्या वृक्ष प्राधिकरणाकडे गेले, हे मुळामुठा यांना आवडणार नाही. असे मिश्र कायदे असतात. मर्यादा ठरवा: निवडणूक पद्धत, सदस्यसंख्या, हद्द, कर. एवढ्या चारच बाबींना समिती सक्तीची.

---

मुळामुठा

दोनशे झाडं जिथली तिथल्या लोकांना आधी विचारा, एवढंच माझं म्हणणं. पण चार बाबींची यादी मला मान्य आहे. त्यात पाचवी घाला: विकास आराखडा. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा मार्च २०१५ मध्ये शासनाने महापालिकेकडून काढून स्वतःकडे घेतला होता, त्यासाठी अधिवेशनसुद्धा लागलं नाही.

---

गोदाकाठ

आभार मंडळी. वरच्या सगळ्यातून एक निवेदन तयार करतोय. मसुदा असा:

"महापालिका व नगरपरिषदांची निवडणूक पद्धत, सदस्यसंख्या, हद्द, कर आणि विकास आराखड्याचे अधिकार यांत बदल करणारे कोणतेही विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवावे. समितीने संबंधित महापालिकांचे लेखी म्हणणे घ्यावे व नागरिकांच्या सूचना मागवाव्यात. या विषयांवर अध्यादेश काढू नये. मुदत संपण्यापूर्वीच्या एका वर्षात निवडणूक पद्धत, सदस्यसंख्या व हद्द बदलू नये. प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडे परत द्यावेत."

हे आपापल्या आमदारांना द्यायचं. काही सुचवा.

---

कलम_खंड

"अध्यादेश काढू नये" हे तसंच ठेवू नका, राज्यपालांच्या घटनात्मक अधिकाराला असं बांधता येत नाही आणि त्या एका वाक्यावरून सगळं निवेदन बाजूला ठेवतील. त्याऐवजी लिहा: "या विषयांवरील अध्यादेश काढावा लागल्यास त्याची निकड उद्देश व कारणांच्या निवेदनात स्वतंत्रपणे नमूद करावी आणि त्याखालील प्रभागरचनेचे काम विधेयक मंजूर होईपर्यंत सुरू करू नये."

---

टिपणी_शाखा

नागरिकांच्या सह्यांचं निवेदन द्याच, पण सोबत महासभेचा ठराव जोडता आला तर वजन वाढेल. आता सभागृह आहे. तुमच्या प्रभागातल्या चौघांपैकी एक नगरसेवक सूचक आणि दुसरा अनुमोदक, दोघांच्या सहीने प्रस्ताव नगरसचिवांकडे द्यायचा म्हणजे तो विषयपत्रिकेवर येतो. जमलं तर सूचक सत्ताधारी बाकावरचा आणि अनुमोदक विरोधी बाकावरचा घ्या, म्हणजे चर्चेविना तहकूब होत नाही. ठरावात "शासनास शिफारस करण्यात येते" अशीच भाषा ठेवा. शिफारशीचा ठराव ४५१ खाली विखंडित करण्याजोगं त्यात काही उरत नाही. मंजूर झाला की प्रमाणित प्रत मागून घ्या. एक नगरविकास विभागाला, एक तुमच्या आमदारांना, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघात निवडणूक लागेल तेव्हा मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एक.

---

गोदाकाठ

दोन्ही सूचना घेतल्या. प्रस्तावाचा नमुना रविवारपर्यंत इथेच टाकतो. पुणे, सांगली आणि कोल्हापूरच्या मंडळींनी आपल्या सभेची तारीख कळली की प्रतिसादात लिहा.